कप्तान टॉम डडली : समुद्राचा रिवाज आणि जमिनीवरचा कायदा

फौजदारी कायद्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी ज्या मोजक्या खटल्यांची नावे पाठ होतात, त्यात राणी विरुद्ध डडली आणि स्टीफन्स या १८८४ च्या इंग्लिश खटल्याचे स्थान फार वरचे आहे. इंग्रजी कायद्याची परंपरा जिथे जिथे पोहोचली, त्या लंडनपासून मुंबईपर्यंत आणि सिडनीपासून सिंगापूरपर्यंतच्या प्रत्येक विधी महाविद्यालयात या खटल्यावर आजही वाद घातले जातात. दुसऱ्याचा जीव घेऊन स्वतःचा जीव वाचवणे कायद्याला मान्य आहे का, हा त्यातला प्रश्न. मात्र ज्या माणसाच्या नावाने हा खटला ओळखला जातो, तो टॉम डडली नेमका कोण होता, तो कसा जगला आणि कसा मेला, याची माहिती फार थोड्यांना असते. डडली हा व्यवसायाने कप्तान होता, आणि त्याचे सारे आयुष्य कप्तानाच्या अधिकाराशी व जबाबदारीशी बांधले गेले होते.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील एसेक्स परगण्यातील टॉल्सबरी हे त्याचे गाव. खाडीकाठच्या या गावाची उपजीविका कालवे काढणे, मासेमारी आणि श्रीमंतांच्या शिडाच्या नौका चालवणे या तीन उद्योगांवर होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधील धनिकांना यॉट बाळगण्याचे आणि शर्यती लावण्याचे वेड लागले होते. नौका मालकाची, पण ती हाकणारे हात कोळ्यांचे, अशी व्यवस्था असे. डडली याच वातावरणात लहानाचा मोठा झाला. कोवळ्या वयातच तो समुद्रावर गेला आणि पायरी-पायरीने चढत खलाशाचा कप्तान झाला. धार्मिक वृत्तीचा, व्यसनांपासून दूर राहणारा, शब्दाला जागणारा माणूस अशी त्याची ख्याती होती. फिलिपा या शिक्षिकेशी त्याचा विवाह झाला. पदरी तीन मुले होती. तिशीच्या आसपासच्या या कुटुंबवत्सल माणसाला यॉटवरील नोकरीपेक्षा अधिक स्थिर भविष्य हवे होते. फिलिपाची एक नातलग ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली होती. तिकडे काही जम बसतो का, हे पाहण्याची संधी त्याला १८८४ मध्ये चालून आली.

सिडनीतील जॉन हेन्री वाँट या नामवंत बॅरिस्टरने इंग्लंडमध्ये मिन्योनेट नावाची यॉट विकत घेतली होती. १८६७ मध्ये बांधलेली, जेमतेम ५२ फूट लांबीची ही नौका किनाऱ्यालगतच्या सहलींसाठी होती, महासागर ओलांडण्यासाठी नव्हे. ती सिडनीपर्यंत न्यायची तर अटलांटिक उतरून, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून, सुमारे पंधरा हजार मैलांचा प्रवास करणे भाग होते. डडलीने हे काम पत्करले. मात्र इतक्या लहान नौकेतून इतका लांबचा प्रवास करायला खलाशी सहजासहजी तयार होईनात. अखेर तिघे मिळाले. एडविन स्टीफन्स हा दुय्यम अधिकारी, एडमंड ब्रुक्स हा अनुभवी खलाशी आणि रिचर्ड पार्कर हा १७ वर्षांचा पोरगा. पार्कर साउदॅम्प्टनजवळच्या इचेन फेरी या वस्तीतला. आईबाप नसलेला, फारसे लिहिता-वाचता न येणारा, जग पाहायला निघालेला. दूरच्या सागरावर जाण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती.

त्या काळातील ब्रिटिश व्यापारी नौकानयन कायद्याने कप्तानावर कर्तव्यांची मोठी यादी लादलेली होती. खलाशांशी लेखी करार करणे, त्यांना ठरल्याप्रमाणे अन्न व औषधे पुरवणे, अधिकृत रोजनिशी ठेवणे, जहाजावरील प्रत्येक मृत्यूची नोंद करणे, जहाज बुडाल्यास किनाऱ्याला लागताच त्याचा अहवाल देणे, हे सारे त्यात येत असे. त्याबदल्यात समुद्रावर त्याचा शब्द अखेरचा मानला जाई. आज्ञा मोडणाऱ्याला बेड्या घालण्याचा अधिकारही त्याला होता. किनाऱ्यापासून हजार मैलांवर ना पोलीस, ना न्यायाधीश, ना डॉक्टर. या सगळ्यांचे काम एकट्या कप्तानाने करायचे. मात्र या यादीत एका प्रश्नाचे उत्तर कुठेच लिहिलेले नव्हते. चौघांपैकी तिघेच वाचू शकतील अशी वेळ आली, तर कप्तानाने काय करावे?

१९ मे १८८४ रोजी मिन्योनेटने साउदॅम्प्टन सोडले. मदिरा बेटावर थांबा घेऊन नौका दक्षिणेकडे निघाली, विषुववृत्त ओलांडले. जुलैच्या सुरुवातीला दक्षिण अटलांटिकमधील हिवाळी वादळांनी तिला गाठले. ५ जुलै रोजी वाऱ्याचा जोर वाढला, तेव्हा डडलीने नौका वाऱ्यावर थोपवून धरण्याचा आणि थकलेल्या खलाशांना रात्रभर विश्रांती देण्याचा निर्णय घेतला. तेवढ्यात एका प्रचंड लाटेने नौकेची एक बाजू फोडून काढली. पाच मिनिटांच्या आत मिन्योनेट बुडाली. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून ती सुमारे १६०० मैलांवर होती.

चौघेही १३ फुटांच्या एका उघड्या होडीत उतरू शकले. पाव इंच जाडीच्या फळ्यांची ही होडी उतरवतानाच तिला भोक पडले होते. डडली दिशादर्शक उपकरणे घेऊन अगदी शेवटच्या क्षणी होडीत आला. पाण्याचे पिंप लाटांनी वाहून नेले. हाती लागले ते सलगमचे दोन डबे. गोड्या पाण्याचा थेंबही नव्हता. डडलीने हाताशी असलेल्या फळकुटांचा तरंगता नांगर बनवला आणि होडीचे तोंड लाटांकडे ठेवले. पहिल्याच रात्री होडीला धडका देणाऱ्या शार्कला त्यांनी वल्ह्यांनी हुसकावले. सलगमचा पहिला डबा दोन दिवस जपून ठेवून मगच फोडला. चौथ्या-पाचव्या दिवशी पाण्यावर आलेले एक कासव त्यांनी पकडले आणि त्यावर जवळजवळ आठवडा काढला. पाऊस आला की कोटात पाणी धरायचे, नाही आला तर स्वतःचेच मूत्र प्यायचे. या सर्व काळात डडली कप्तानपदाला जागला. वाटण्या त्यानेच केल्या. कपड्यांचे शीड त्याने उभारले. हाती आलेल्या कागदाच्या तुकड्यावर त्याने पत्नीसाठी निरोपही खरडून ठेवला.

दोन आठवडे उलटल्यावर पार्करने न राहवून समुद्राचे पाणी प्यायले आणि तो आजारी पडला. याच सुमारास चिठ्ठ्या टाकण्याची गोष्ट निघाली. ही कल्पना डडलीच्या डोक्यातून निघालेली नव्हती. जहाज बुडून उपासमारीची वेळ आली की चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याच्या नावाची निघेल त्याने मरायचे आणि इतरांनी त्याच्या शरीरावर जगायचे, असा अलिखित रिवाज खलाशांच्या जगात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. त्याला समुद्राचा रिवाज असे म्हणत. १८२० मध्ये देवमाशाच्या धडकेने बुडालेल्या एसेक्स या अमेरिकन जहाजाच्या खलाशांनी तो पाळला होता, आणि वाचलेल्यांकडे कोणी गुन्हेगार म्हणून पाहिले नव्हते. बंदरांतल्या गुत्त्यांमधून अशा कथांवर गाणी रचली जात. ब्रुक्सने मात्र चिठ्ठ्यांना ठाम नकार दिला. मरायचे तर सगळ्यांनी मिळून मरू, अशी त्याची भूमिका होती.

२४ जुलैच्या रात्री पार्कर बेशुद्धावस्थेत होडीच्या तळाशी पडून होता. डडलीने स्टीफन्सशी बोलून ठरवले की सकाळपर्यंत जहाज दिसले नाही तर पोराला मारायचे. आपल्याला व स्टीफन्सला बायकामुले आहेत, पोराच्या मागे कोणी नाही आणि तो तसाही मरणारच आहे, असा त्याचा हिशेब होता. चिठ्ठ्या टाकण्याचा रिवाजही इथे पाळला गेला नाही. २५ जुलै रोजी, जहाज बुडाल्यानंतरच्या विसाव्या दिवशी, क्षितिजावर शीड दिसले नाही. डडलीने प्रार्थना केली आणि खिशातल्या लहान चाकूने पार्करच्या मानेची शीर कापली. स्टीफन्स गरज पडल्यास मुलाचे पाय धरायला तयार होता. ब्रुक्सने या कृत्याला संमती दिली नाही. नंतर मात्र त्या शरीरावर जगण्यात तोही सामील झाला.

चौथ्या दिवशी, २९ जुलैला, मॉक्तेझुमा हे जर्मन जहाज दिसले. चिलीहून हँबर्गकडे निघालेल्या या जहाजाने तिघांना उचलून घेतले. ते स्वतःच्या बळावर वर चढूही शकत नव्हते. होडीत पार्करचे अवशेष तसेच होते. ते लपवण्याचा, समुद्रात टाकून देण्याचा प्रयत्न डडलीने केला नाही. घडलेली हकिगत त्याने जर्मन कप्तानालाही सांगितली.

६ सप्टेंबर १८८४ रोजी मॉक्तेझुमाने त्यांना इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळील फालमथ बंदरात उतरवले. जहाज गमावलेल्या कप्तानाने जकात कचेरीत जाऊन जबानी द्यायची, हा कायद्याचा दंडक होता. डडलीने तो तंतोतंत पाळला. नौका कशी बुडाली हे सांगता सांगता पार्करचा मृत्यू कसा झाला हेही त्याने न वगळता सांगितले. कोणता चाकू वापरला हे बंदरावरच्या पोलीस हवालदाराला दाखवले. त्याला वाटत होते की समुद्राचा रिवाज साऱ्या जगाला ठाऊक आहे, तेव्हा जबानी झाली की आपण गाडी पकडून घरी जाऊ. त्याऐवजी तिघांना खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. या खटल्यातला सर्वांत मोठा विरोधाभास इथेच आहे. कप्तान म्हणून असलेले एक कायदेशीर कर्तव्य डडलीने निष्ठेने पार पाडले आणि तेच त्याच्याविरुद्धचा मुख्य पुरावा ठरले. 

फालमथच्या नागरिकांची सहानुभूती कैद्यांच्या बाजूने होती. वर्तमानपत्रांचा मोठा भागही त्यांच्या बाजूने झुकला. सर्वांत विलक्षण घटना घडली ती मृत मुलाच्या भावाच्या बाबतीत. डॅनियल पार्कर हाही यॉटवरचा खलाशी होता. तो न्यायालयात आला आणि त्याने आरोपींशी हस्तांदोलन केले. खलाशांच्या जगाने डडलीला माफ केले होते, किंबहुना त्याने काही गुन्हा केला असे त्या जगाला वाटतच नव्हते.

सरकारचा विचार मात्र वेगळा होता. १८७४ मध्ये युक्साइन नावाच्या कोळसावाहू जहाजाला दक्षिण अटलांटिकमध्ये आग लागली होती. तेव्हा एका होडीतल्या खलाशांनी सोबत्याला मारून खाल्ले होते. त्या प्रकरणी खटला भरण्याची तयारी ब्रिटिश अधिकाऱ्यांनी केली, पण कारवाई तडीस न जाता सोडून द्यावी लागली. समुद्राच्या रिवाजाला कायद्यात स्थान आहे की नाही, हा प्रश्न त्यामुळे लोंबकळत राहिला. गृहमंत्री सर विल्यम हारकोर्ट यांना तो कायमचा निकाली काढायचा होता. डडलीच्या रूपाने त्यांना असा आरोपी मिळाला, ज्याने काहीही लपवले नव्हते. ब्रुक्सला आरोपातून मुक्त करून सरकारी साक्षीदार करण्यात आले. त्या काळी इंग्लंडमध्ये खुनाच्या खटल्यातील आरोपीला स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्ष देता येत नसे. ती मुभा १८९८ च्या कायद्याने मिळाली. त्यामुळे होडीत काय घडले हे जगाला सर्वांआधी सांगणारा माणूसच न्यायालयात मुका होता.

खटला ३ नोव्हेंबर १८८४ रोजी एक्झिटर येथे न्यायमूर्ती हडलस्टन यांच्यासमोर उभा राहिला. आरोपींच्या बाजूने सर्वसामान्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीवर आर्थर कॉलिन्स हे ज्येष्ठ वकील उभे होते. हेच कॉलिन्स पुढच्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होऊन हिंदुस्थानात आले. ज्युरीला दोषी की निर्दोष असा सरळ कौल देऊ दिला, तर ती आरोपींना सोडून देईल, अशी भीती न्यायमूर्तींना होती. म्हणून त्यांनी अडगळीत पडलेली एक जुनी पद्धत बाहेर काढली. ज्युरीने केवळ घटनाक्रम निश्चित करायचा आणि त्याचा कायदेशीर अर्थ वरिष्ठ न्यायाधीशांनी लावायचा, ही ती पद्धत. हा घटनाक्रमही न्यायमूर्तींनी बहुतांशी आधीच लिहून आणला होता. मुलाला मारले नसते तर तिघेही बहुधा वाचले नसते, मुलगा बहुधा त्यांच्या आधीच मेला असता, आणि तरीही इतर तिघांना सोडून त्यालाच मारण्याची काही अधिक गरज नव्हती, असे निष्कर्ष ज्युरीने मान्य केले. यातला शेवटचा निष्कर्ष डडलीला सर्वांत महाग पडला.

लंडनमध्ये सरन्यायाधीश लॉर्ड कोलरिज यांच्यासह पाच न्यायाधीशांच्या पीठापुढे युक्तिवाद झाले आणि ९ डिसेंबर १८८४ रोजी निकालपत्र वाचले गेले. जीव वाचवण्याची निकड कितीही तीव्र असली, तरी निरपराध माणसाला ठार मारण्याचे ते समर्थन होऊ शकत नाही, असा निर्णय पीठाने दिला. त्यामागे तीन धागे होते. पहिला, कोणाचा जीव अधिक मोलाचा हे मोजायचे कोणी आणि कोणत्या मापाने? तो अधिकार ज्याला जगायचे आहे त्याच्याच हाती दिला, तर बळी नेहमी सर्वांत दुबळ्याचाच जाणार. होडीतही तेच घडले होते. दुसरा, असे समर्थन एकदा मान्य केले की त्याच्या आडोशाने कोणताही गुन्हा लपवता येईल. तिसरा धागा थेट कप्तानाशी निगडित होता. जीव जपणे हे सामान्यतः कर्तव्य असले, तरी जीव देणे हेच परमकर्तव्य ठरेल असे प्रसंग येतात, आणि कप्तानाचे आपल्या खलाशांप्रती, खलाशांचे प्रवाशांप्रती असलेले कर्तव्य हे त्याचे उदाहरण, असे न्यायालयाने सांगितले. १८५२ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या बर्कनहेड जहाजावर सैनिक रांगेत उभे राहिले आणि स्त्रिया व मुलांना होड्यांतून जाऊ दिले, तो प्रसंग पीठापुढे होता.

म्हणजे ज्या अधिकारपदामुळे आपल्याला निर्णय घेण्याचा हक्क आहे असे डडलीला वाटले, त्याच पदामुळे त्याच्यावरची जबाबदारी वाढते, असे कायद्याने ठरवले. पार्कर हा त्या होडीतला सर्वांत तरुण, सर्वांत अननुभवी, कप्तानाच्या हवाली केलेला जीव होता. त्याच्या मागे रडणारे कोणी नाही, हे त्याला मारण्याचे कारण ठरू शकत नव्हते. उलट ते त्याला अधिक जपण्याचे कारण होते.

दोघांनाही कायद्याप्रमाणे फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. ती अमलात येणार नाही हे सर्वांना ठाऊक होते. न्यायाधीशांनीच दयेची शिफारस केली होती. काही दिवसांतच राणीच्या नावाने शिक्षा सहा महिन्यांच्या साध्या कैदेवर आली. कायद्याचे तत्त्वही राखायचे आणि माणसांनाही फासावर चढवायचे नाही, अशी ही तडजोड होती. ती अनेकांना शहाणपणाची वाटली आणि अनेकांना दांभिक. डडली दुसऱ्या गटातला. आपल्यावर अन्याय झाला असे त्याला अखेरपर्यंत वाटत राहिले. २० मे १८८५ रोजी तो तुरुंगातून बाहेर पडला.

निकालाची तुलना आपल्याकडच्या कायद्याशी करणे उद्बोधक ठरेल. मेकॉलेच्या आयोगाने ज्याचा पहिला मसुदा १८३७ मध्ये तयार केला, तो भारतीय दंडविधान १८६० मध्ये, म्हणजे डडलीच्या खटल्याच्या २४ वर्षे आधी संमत झाला होता. मोठी हानी टाळण्यासाठी सद्‌हेतूने केलेल्या कृत्याविषयीचे त्याचे ८१ वे कलम प्रसिद्ध आहे, आणि योगायोग असा की त्याखाली दिलेले पहिलेच उदाहरण एका आगबोटीच्या कप्तानाचे आहे. स्वतःची काही चूक नसताना त्याची बोट अशा स्थितीत सापडते की वळवली नाही तर वीस-तीस प्रवाशांच्या होडीवर आदळणार, आणि वळवली तर दोन प्रवाशांच्या होडीवर आदळण्याचा धोका. मोठी होडी वाचवण्याच्या प्रामाणिक हेतूने त्याने बोट वळवली आणि लहान होडी बुडाली, तर तो दोषी नाही. वरवर पाहता हे डडलीच्या बाजूचे वाटते. फरक आहे तो हेतूचा. उदाहरणातल्या कप्तानाला लहान होडीतल्या दोघांचा मृत्यू नको असतो. ते वाचले तर त्याला आनंदच होईल. डडलीला मात्र पार्करचा मृत्यूच हवा होता, कारण त्या मृत्यूवाचून त्याचा हेतू साध्य होत नव्हता. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाची जागा घेतलेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद १९ व्या कलमात कायम आहे.

सुटकेनंतर डडलीने इंग्लंड सोडले. तो कुटुंबासह सिडनीला गेला. ज्या शहरासाठी मिन्योनेट निघाली होती, तिथे तो अखेर दुसऱ्याच्या जहाजातून पोहोचला. समुद्रावरचे काम त्याने सोडून दिले. बंदरालगत शिडे, ताडपत्र्या आणि तंबू तयार करण्याचा धंदा त्याने उभारला. धंदा चांगला चालला. शिक्षेची आठवण कोणी काढू नये, अशा बेताने तो पंधरा वर्षे जगला.

१८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये पसरलेली गाठीच्या प्लेगची साथ जहाजांवरील उंदरांबरोबर बंदराबंदरांतून प्रवास करीत होती. १८९६ मध्ये ती मुंबईत मांडवी भागात उतरली. पुढच्या वर्षी पुण्यात तिने काय उत्पात केला, रँडचा वध कसा झाला, हे महाराष्ट्राच्या इतिहासात नोंदलेले आहे. तीच साथ जानेवारी १९०० मध्ये सिडनीला पोहोचली. पहिला रुग्ण वाचला. मात्र गोदीलगतच्या वखारीत काम करणारा टॉम डडली तापाने पडला आणि २२ फेब्रुवारी १९०० रोजी मरण पावला. सिडनीतील प्लेगचा तो पहिला बळी. त्याचे वय ४६ होते. घरच्यांना विलगीकरणात ठेवण्यात आले आणि त्याला शहरापासून दूर, नॉर्थ हेड येथील क्वारंटाइन स्थानकाच्या भूमीत पुरण्यात आले. चोवीस दिवस उघड्या होडीत तग धरलेल्या कप्तानाला अखेर बंदरातल्या पिसवांनी गाठले.

स्टीफन्स आणि ब्रुक्स इंग्लंडमध्येच राहिले. दोघांनाही पुढे कधी बरे दिवस दिसले नाहीत. रिचर्ड पार्करच्या नावाचा दगड साउदॅम्प्टनच्या पेअर ट्री चर्चच्या आवारात आहे. यान मार्टेल यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत होडीतल्या वाघाला रिचर्ड पार्कर हे नाव दिले. त्यावरचा लाइफ ऑफ पाय हा चित्रपट २०१२ मध्ये आपल्याकडेही गाजला. पॉण्डिचेरीच्या मुलाची ती गोष्ट पाहताना त्या नावामागचा सतरा वर्षांचा पोरका पोर किती प्रेक्षकांना आठवला असेल, कोण जाणे.

डडलीच्या खटल्याने समुद्राचा रिवाज कायद्यातून कायमचा हद्दपार केला. तरीही ज्या परिस्थितीत तो रिवाज जन्मला, ती निकालपत्राने बदलणारी नव्हती. उपाशी माणसाला उपाशी राहा असे सांगून प्रश्न सुटत नाही. तो सुटायला आणखी एक मोठी दुर्घटना घडावी लागली. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर, १९१४ मध्ये सागरी जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या आजच्या स्वरूपात आणि त्याखालच्या नियमांत प्रत्येक जीवरक्षक होडीत माणशी तीन लिटर गोडे पाणी आणि किमान दहा हजार किलोज्यूल ऊर्जा देणारे खाद्य असलेच पाहिजे, असे बंधन आहे. सलगमच्या दोन डब्यांच्या जागी ही तरतूद आली. संकटात सापडलेल्यांची बातमी कळताच शक्य तितक्या वेगाने मदतीला धावणे हे आज प्रत्येक कप्तानाचे कायदेशीर कर्तव्य आहे. सागरी सुरक्षिततेसाठी कप्तानाला जो निर्णय आवश्यक वाटेल तो घेण्यापासून जहाजमालकालाही त्याला रोखता येत नाही.

अधिकार वाढला तसे दायित्वही वाढले. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे प्रवासी जहाज खडकावर आदळून ३२ जण मृत्युमुखी पडले. प्रवासी जहाजावर असताना कप्तान निघून गेला होता. त्याला १६ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आपल्याकडे मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला, तेव्हा मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो बार्जच्या कप्तानावरच. अशा प्रत्येक वेळी एकट्या कप्तानाकडे बोट दाखवून मालक, कंत्राटदार आणि देखरेख करणाऱ्या यंत्रणा मोकळ्या होतात का, हा प्रश्न उरतोच. किनाऱ्यालगतच्या सहलींसाठी बांधलेली नौका पंधरा हजार मैलांच्या प्रवासाला पाठवली गेली, याचा जाब एक्झिटरच्या न्यायालयात कोणाला विचारला गेला नव्हता. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते ते नौका चालवणारे दोघेच.

भारताने १९५८ च्या व्यापारी नौकानयन कायद्याच्या जागी २०२५ मध्ये नवा कायदा संमत केला आहे. जगभरच्या जहाजांवर भारतीय खलाशी आणि अधिकारी मोठ्या संख्येने काम करतात. त्यात कोकण किनाऱ्यावरची आणि मुंबई-गोव्याची असंख्य घरे आली. या घरांतून पहिल्यांदा समुद्रावर निघालेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा ज्याच्या हवाली केला जातो, त्या कप्तानाच्या हातात त्या मुलाचा जीव असतो, मालकी नसते. डडलीच्या निकालाने हेच ठरवले, आणि १८८४ पासून आजतागायत ते बदललेले नाही.